गप्प बसणाऱ्या चुका: बाहेरून आलेली यादी शीटमध्ये साफ कशी करायची

मागच्या भागांत आपण सूत्रं पाहिली, सॉर्ट-फिल्टर पाहिलं. पण ती सगळी आपण स्वतः भरलेल्या शीटवर. प्रत्यक्षात तुमच्यापुढे शीट येते ती दुसऱ्या कुणीतरी भरलेली, दुसऱ्याच कुठल्या प्रोग्राममधून काढलेली, कधी वहीवरून उतरवलेली. आज अशा बाहेरून आलेल्या माहितीबद्दल बोलू. व्हिडिओत स्क्रीन समोर होती, पुस्तकात ती नाही, म्हणून काही गोष्टी जरा सविस्तर सांगतो. आणखी एक, सूत्रांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. शीटमध्ये ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची.

उदाहरण कोलकात्याचं घेऊ. समजा तिथल्या मराठी कुटुंबांची एक यादी आहे. काही घरं तीन पिढ्यांपासून भवानीपूर-हाजरा भागातली, काही सांगलीकडून सोनं गाळण्याच्या धंद्यासाठी आलेली, काही गेल्या पाच वर्षांत नोकरीनिमित्त न्यूटाउनला उतरलेली. यादी तीन ठिकाणांहून आली आहे: गणपतीच्या वर्गणीची जुनी वही, मोबाइलवरच्या एका फॉर्मची सीएसव्ही फाइल आणि कुणीतरी २०१२ साली केलेली एक्सेल फाइल. तिन्ही एकत्र करायच्या आहेत. कशासाठी? वर्गणी हे एक कारण. पण २० मे २०२० ला अम्फान वादळ आलं, तेव्हा शहराच्या अनेक भागांत कित्येक दिवस वीज नव्हती, फोन लागत नव्हते. अशा वेळी कोणत्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे, त्याचा नंबर कोणता, शेजारी कोण, रक्तगट कोणता, हे एका कागदावर बरोबर असावं लागतं. यादीत चूक आहे हे त्या रात्री कळून उपयोग नाही.

चुका दोन जातींच्या असतात. एक ओरडणारी. सेलमध्ये मोठ्या अक्षरांत एरर दिसते, तारखेच्या जागी नाव येतं, मराठी मजकुराच्या जागी चित्रविचित्र चिन्हं येतात. ती बघितली की कळते. दुसरी गप्प बसणारी. सेलमध्ये अगदी व्यवस्थित, पटण्यासारखं काहीतरी असतं, फक्त ते खरं नसतं. नवशिक्या माणसाचा सगळा वेळ पहिल्या जातीमागे जातो. आपण आज जास्त वेळ दुसरीवर घालवू.

पहिलं काम, मोजणी. मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवा, तिला हात लावायचा नाही. वर्कबुकमध्ये पहिल्या शीटचं नाव ‘मूळ’ ठेवा आणि साफसफाई दुसऱ्या शीटवर करा. मग मूळ फाइलमध्ये ओळी किती, आपल्या शीटमध्ये आल्या किती, हे लिहून ठेवा. हे फार क्षुल्लक वाटतं. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ रुग्णांची नोंद वेळेवर मोजणीतच आली नाही. माहिती एकत्र करण्याच्या साखळीत जुन्या पद्धतीची एक्सेल फाइल वापरली होती आणि तिच्यात ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते. जास्तीच्या ओळी निमूटपणे गळून गेल्या. त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायला उशीर झाला. आलेल्या ओळी आणि पाठवलेल्या ओळी समोरासमोर ठेवणारा एक आकडा असता, तर त्याच दिवशी कळलं असतं.

दुसरं, सीएसव्ही फाइलवर डबल क्लिक करायचं नाही. तिथेच निम्मा घोळ होतो. डबल क्लिक केलं की एक्सेल प्रत्येक सेलकडे बघून स्वतःच ठरवतं, हा आकडा, ही तारीख, हा मजकूर. तुम्हाला विचारत नाही. त्याऐवजी रिकामं वर्कबुक उघडा, डेटा टॅबवर जा, ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्या. तिथे फाइल ओरिजिनमध्ये ६५००१, म्हणजे युनिकोड यूटीएफ-८ निवडा. मराठी आणि बंगाली अक्षरं मग बहुतेक वेळा नीट दिसतात. पुढे ‘ट्रान्सफॉर्म डेटा’ दाबलं की पॉवर क्वेरी उघडते. तिथे प्रत्येक कॉलमचा प्रकार तुम्ही सांगायचा. आणि सुरुवातीला सांगायचं एकच, सगळं मजकूर. मग एकेक कॉलम विचार करून बदला.

कोणता बदलायचा? माझा एक साधा नियम आहे. ज्या आकड्यांची बेरीज करून काही अर्थ निघत नाही तो आकडा नव्हे, मजकूर. वर्गणी हा आकडा. फोन नंबर, पिनकोड, खाते क्रमांक, फ्लॅट क्रमांक, हे सगळे अंकांत लिहिलेले मजकूर. कोलकात्याचा लँडलाइन ०३३ ने सुरू होतो. आकडा समजला की पुढचं शून्य गेलं. मोबाइलपुढे ९१ लावून बारा अंक झाले की साध्या सेलमध्ये तो ‘९.१९ई+११’ असा काहीतरी दिसतो. ही ओरडणारी चूक, सेलचा प्रकार बदलला की नंबर परत दिसतो. पण काही बँकांचे खाते क्रमांक सोळा अंकी असतात, आणि एक्सेल आकड्याचे पंधराच अंक सांभाळतं. सोळावा अंक शून्य होतो. दिसायला खाते क्रमांक सोळा अंकीच राहतो. ही गप्प बसणारी. आणि प्रकार बदलून गेलेला अंक परत येत नाही, मूळ फाइलकडेच जावं लागतं. म्हणून ती बाजूला ठेवली.

पिनकोडचा इथे चांगला उपयोग होतो. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याच्या कल्पनेतून आलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. त्यातल्या प्रत्येक अंकाला अर्थ आहे. पहिला अंक विभागाचा, पहिले तीन मिळून छाननीचा जिल्हा. कोलकाता ७०० ने सुरू होतं, मुंबई ४०० ने. म्हणजे पिनकोड स्वतःच स्वतःची थोडी तपासणी करू देतो. ‘लेन’ सूत्राने अक्षरं सहा आहेत का बघा, ‘लेफ्ट’ सूत्राने पहिले तीन काढून शहराच्या कॉलमशी ताडा. शहर कोलकाता आणि पिन ४०० चा दिसला, तर तिथे चूक असेल किंवा ते कुटुंब मुंबईला गेलं असेल. दोन्ही कळायला हवंच.

आता तारखा. सीएसव्हीत ०५/०६/२०२४ आहे, आपल्या दृष्टीने ५ जून. संगणकाची प्रादेशिक सेटिंग अमेरिकी असेल तर एक्सेलच्या दृष्टीने ६ मे. त्याच कॉलममध्ये १३/०६/२०२४ आला की तेरावा महिना नसल्यामुळे एक्सेल ती तारीख समजत नाही, मजकूर म्हणून सोडून देतं. बघणारा म्हणतो, ‘अरे, काही तारखा डावीकडे सरकल्यात, त्या तेवढ्या बिघडल्यात.’ तो त्या हाताने दुरुस्त करतो. खरं म्हणजे डावीकडच्या तारखा ठीक होत्या, उजवीकडच्या शहाण्यासारख्या बसलेल्या सगळ्या उलट्या झाल्यात! एका कॉलममध्ये अशी डावी-उजवी सरमिसळ दिसली की एकेक तारीख दुरुस्त करायची नाही, आयातच पुन्हा करायची. पॉवर क्वेरीत ‘युजिंग लोकेल’ निवडून इंग्लिश (इंडिया) सांगितलं की दिवस आधी, महिना नंतर.

वहीतल्या जुन्या नोंदींमध्ये आणखी एक गंमत असते. बंगालात दुकानदार, कंत्राटदार पावतीवर बंगाब्द लिहितात. इसवी सनातून साधारण ५९३ वजा करा, नवं वर्ष एप्रिलच्या मध्याला. १५ एप्रिल २०२३ ला १४३० लागलं. वर्षाच्या कॉलममध्ये १४३० दिसला की कुणीही थांबेल, कारण १४३० साली गणपतीची वर्गणी कोण देणार. पण आपल्या मराठी हिशेबनीसांनी शके लिहिला असेल तर? शके १९४६ म्हणजे २०२४-२५. तो वर्षाच्या कॉलममध्ये १९४६ म्हणून बसला, की वाटतं एखाद्या आजोबांची स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षीची नोंद आहे. बंगाली वर्ष ओरडतं, आपलं शकवर्ष गप्प बसतं. यावर उपाय म्हणजे शेजारच्या कॉलमशी ताडणं. १९४६ सालची वर्गणी आणि रक्कम अडीच हजार? मग विचारा.

वहीवरून उतरवणारा माणूस बंगाली अंक वाचतो की नाही, हेही पाहावं लागतं. कोलकात्यात नव्याने आलेल्या प्रत्येक मराठी माणसाने हे अनुभवलं असेल: बंगाली चार इंग्रजी आठासारखा दिसतो आणि बंगाली सात इंग्रजी नवासारखा. घर क्रमांक ४७ चा ८९ होतो. दहा अंकी फोन नंबर दहा अंकीच राहतो, फक्त दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी वाजतो. याला कोणतंही सूत्र नाही. एकच करता येतं, वहीवरून उतरवलेल्या ओळींना ‘स्रोत’ नावाच्या कॉलममध्ये ‘वही’ असं लिहून ठेवा, म्हणजे पुढे तपासणीला प्राधान्य कुणाला हे ठरतं. तीन फाइली एकत्र करताना हा स्रोताचा कॉलम विसरू नका. एकदा ओळी मिसळल्या की कोणती कुठून आली हे सांगता येत नाही.

आता मजकूर. वेबपानावरून किंवा मेलमधून चिकटवलेल्या नावांमध्ये न दिसणाऱ्या मोकळ्या जागा येतात. ‘ट्रिम’ सूत्र साध्या जागा काढतं, पण वेबवरची न तुटणारी जागा, जिचा क्रमांक १६० आहे, ती त्याला दिसत नाही. म्हणून आधी ती साध्या जागेत बदला: ट्रिम(सबस्टिट्यूट(ए२, कॅर(१६०), " ")). एवढं केलं की ‘सारखीच दिसतात पण जुळत नाहीत’ अशा बऱ्याच तक्रारी संपतात.

नावांचं मात्र इतक्यावर भागत नाही. बंगालीत व आणि ब यांना एकच अक्षर आहे. विवेकानंद तिथे बिबेकानंद होतात, तर आपल्या विनायकाचा बिनायक आणि वसंताचा बसंत होणारच. सखाराम गणेश देऊसकरांचं आडनाव बंगालीत देउस्कर झालं आणि तसंच रूढ झालं. बंगाली शेजाऱ्यांची नावं यादीत असतील तर मुखर्जी आणि मुखोपाध्याय, बॅनर्जी आणि बंद्योपाध्याय ही एकेका आडनावाची दोन रूपं आहेत. बापाच्या कागदावर एक आणि मुलाच्या कागदावर दुसरं असू शकतं. आणि मराठी नाव तीन पदरी: नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ने मोकळ्या जागेवर तोडलं की ज्यांनी मधलं नाव लिहिलं नाही त्यांचं आडनाव मधल्या कॉलममध्ये जाऊन बसतं. तोडायचंच असेल तर शेवटच्या जागेवर तोडा, आडनाव सुटं होतं.

पत्त्यांची तीच कथा. कोलकात्यातल्या रस्त्यांना दोन-दोन नावं आहेत, आणि लोक जुनं सोडत नाहीत. हॅरिसन रोड म्हणजे महात्मा गांधी रोड, थिएटर रोड म्हणजे शेक्सपिअर सरणी, लोअर सर्क्युलर रोड म्हणजे आचार्य जगदीशचंद्र बोस रोड, धर्मतला स्ट्रीट म्हणजे लेनिन सरणी. शहराचं स्वतःचंच नाव इंग्रजीत १ जानेवारी २००१ पासून कोलकाता झालं, म्हणून जुन्या फाइलीत कॅलकटा, नव्या फाइलीत कोलकाता. इथे ‘फाइंड अँड रिप्लेस’ करत सुटू नका. एक वेगळी शीट करा, दोन कॉलमची: डावीकडे यादीत जसं आलं तसं, उजवीकडे आपण ठरवलेलं रूप. मग ‘एक्सलुकअप’ने नव्या कॉलममध्ये ठरलेलं रूप आणा, मूळ कॉलम तसाच राहू द्या. फायदा असा, की आपण काय काय एकच मानलं हे दुसऱ्याला वाचता येतं आणि चुकलं असेल तर एका ठिकाणी बदललं की पुरतं. रस्त्यांच्या बाबतीत असं बेधडक करा. माणसांच्या नावांच्या बाबतीत मी करत नाही. दोन मुखर्जी एकाच इमारतीत राहू शकतात. नाव आणि फोन दोन्ही जुळले तरच एक माणूस, नाहीतर ‘विचारायचं’ असा शेरा.

रक्तगटाचा कॉलम फार शिकवतो. तिथे ‘युनिक’ सूत्र लावा किंवा पिव्होट टेबल करून वेगवेगळ्या नोंदी आणि त्यांची संख्या बघा. रक्तगट आठ, पण यादीत पंचवीस प्रकार निघाले तरी आश्चर्य वाटून घेऊ नका. छोटा बी, मोठा बी, ‘पॉझिटिव्ह’, ‘पॉझ’, अधिकचं चिन्ह. आणि गट व चिन्ह वेगळ्या कॉलममध्ये असतील आणि कुणी नुसतं वजाचं चिन्ह लावून ‘व्हीई’ लिहिलं असेल, तर एक्सेल त्याला सूत्र समजून एरर देतं. तेही चालेल, ओरडलं तरी. पण ओ अक्षराच्या जागी शून्य टाइप केलेलं असतं ना, ते डोळ्यांना कळत नाही. फिल्टरमध्ये ‘ओ निगेटिव्ह’ निवडलं की ती माणसं येतच नाहीत, आणि ओ निगेटिव्ह माणूस मिळणं किती कठीण ते तुम्हाला माहीत आहे. रुग्णालय रक्त स्वतः तपासूनच घेतं, त्यामुळे यादीमुळे कुणाला चुकीचं रक्त चढणार नाही. पण ज्याला फोन जायला हवा होता त्याला गेला नाही, एवढं नुकसान पुरेसं आहे.

हे सगळं संगणकाबरोबर आलं असं समजू नका. याच कोलकात्यात नव्वदेक वर्षांपूर्वी कागदावर हेच काम झालं आहे, आणि फार मोठ्या माणसाने केलं आहे. हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने १८९१ मध्ये बंगालमधल्या जाती-जमातींच्या शरीरमापांचे खंड छापले. डोक्याची लांबी, रुंदी, नाकाची उंची, रुंदी, माणसागणिक आकडे. नाकाच्या मापावरून जातींची उतरंड लावण्याचा त्याचा सिद्धांत आज कुणी मानत नाही, आणि तेच बरं. पण आकडे होते, छापील होते, सरकारी होते, म्हणून लोक वापरत होते. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनीही १९२७ मध्ये छापलेल्या बंगालबद्दलच्या लेखात ते वापरले. पुढे १९३१ च्या डिसेंबरात त्यांनी कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था काढली, १९३३ मध्ये तिचं ‘सांख्य’ हे नियतकालिक सुरू झालं, आणि त्याच्या पहिल्याच खंडात त्यांनी स्वतः लेख लिहिला तो रिस्लेच्या आकड्यांच्या फेरतपासणीवर.

छापून चाळीस वर्षं झालेली मापं. ती माणसं पुन्हा मोजता येणार नव्हती. मग तपासायचं कसं? आकडे एकमेकांसमोर उभे करून. रिस्लेच्या खंडांत मूळ मापंही होती आणि मापांवरून काढलेले निर्देशांकही. नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले शंभर, हा झाला नाकाचा निर्देशांक. म्हणजे तीन आकडे, पण त्यांतले दोन माहीत असले की तिसरा ठरलेला. तिन्ही जुळत नसतील तर एक तरी चुकला आहे. अशी आकड्यांची आपापसांतली सुसंगती तपासत गेलं, की लिहिताना किंवा छापताना झालेली चूक कुठे आहे ते कळतं, आणि पुष्कळदा मूळ आकडा काय असावा तेही कळतं. सगळा साठा फेकून देण्याची गरज उरत नाही, आणि डोळे मिटून विश्वास ठेवण्याचीही नाही. महालनोबिस यांची ही उलटतपासणी मला वकिलासारखी वाटते. साक्षीदार एकटा असला की तो सांगेल ते खरं. दोघांना समोरासमोर आणलं की गडबड बाहेर येते.

आपल्या यादीत असे साक्षीदार भरपूर आहेत. पिन आणि शहर पाहिलं. जन्मतारीख आणि वय. कुटुंबातल्या माणसांची लिहिलेली संख्या आणि त्या कुटुंबाच्या प्रत्यक्ष ओळी. वर्गणीच्या वहीत पानाखाली लिहिलेली बेरीज आणि आपण शीटमध्ये घेतलेली बेरीज. ही बेरीज फार मोलाची. बहुतेक जण आयात करताना ‘एकूण’च्या ओळी कचरा म्हणून उडवतात. उडवायच्याच आहेत, नाहीतर रक्कम दुप्पट होईल, पण आधी वेगळ्या शीटवर उतरवून घ्या. ती त्या काळच्या हिशेबनीसाची साक्ष आहे.

आता मांडणी. जुन्या शीट माणसांनी वाचायला केलेल्या असतात, म्हणून त्यांत जोडलेले सेल असतात, कुटुंबाचं नाव पहिल्या ओळीत एकदाच आणि खाली रिकामं, आणि वर्षं आडवी: २०१०, २०११, २०१२, प्रत्येकाला एक कॉलम. जोडलेले सेल आधी सोडवा. रिकाम्या जागा पॉवर क्वेरीत ‘फिल डाउन’ने भरतात. पण ते नावाच्या कॉलमलाच लावा. फोनच्या कॉलमला लावलं तर ज्याचा फोन नाही त्याला वरच्या शेजाऱ्याचा फोन मिळतो, आणि ही चूक शोधायला फार जड जाते. आडव्या वर्षांसाठी, नावाचा कॉलम निवडून ‘अनपिव्हट अदर कॉलम्स’ द्या. प्रत्येक वर्गणीची एक ओळ होते: कुटुंब, वर्ष, रक्कम. रिकामे सेल यात आपोआप गळतात, त्यामुळे ‘कुणी दिली नाही’ हे हवं असेल तर ते कुटुंबांच्या यादीशी ताडून काढावं लागेल. रकमेतलं ‘/-’ आणि रुपयाचं चिन्ह काढल्याशिवाय बेरीज होत नाही. सीएसव्हीत १,२५,००० अवतरणचिन्हांशिवाय असेल, तर स्वल्पविरामांमुळे त्याचे तीन कॉलम होतात आणि पुढची सगळी ओळ सरकते.

रंगांकडे लक्ष द्या. २०१२ च्या त्या एक्सेल फाइलीत काही ओळी राखाडी असतील, काही पिवळ्या. राखाडी म्हणजे वारले, पिवळी म्हणजे गाव सोडून गेले, हे करणाऱ्याच्या डोक्यात होतं. पॉवर क्वेरी रंग आणत नाही, सीएसव्हीत तर रंग असतच नाही. म्हणून मूळ फाइल उघडून रंगाने फिल्टर करा आणि ‘स्थिती’ नावाच्या कॉलममध्ये शब्दांत लिहून घ्या, मगच आयात. नाहीतर वर्गणीचा फोन गेलेल्या माणसाच्या नावाने त्याच्या बायकोला जातो.

शेवटी तीन शीट उरल्या पाहिजेत: कुटुंबं, व्यक्ती, वर्गणी. प्रत्येक कुटुंबाला एक क्रमांक, तोच तिन्हीकडे. पत्ता फक्त कुटुंबांत, फोन आणि रक्तगट व्यक्तींत.

आणि जिथे साक्षीदारच नाही, उदाहरणार्थ वहीतला फोन नंबर, तिथे दोघांनी स्वतंत्रपणे टाइप करायचं. एकमेकांचं न बघता. महालनोबिस बंगालमधल्या तागाच्या पिकाच्या पाहणीत एकाच भागातून दोन स्वतंत्र नमुने वेगवेगळ्या तुकड्यांकडून घेत आणि निकाल ताडत. त्यामागचा विचार हाच होता. तुमच्याकडे दोन कॉलम होतील, तिसऱ्यात ‘एक्झॅक्ट’ सूत्र. जिथे ‘फॉल्स’ येईल तिथे वही पुन्हा उघडायची. दोघांपैकी एकाला बंगाली अंक वाचता येत असावेत, दोघेही न वाचणारे असतील तर दोघेही चाराला आठच लिहितील आणि सूत्र खुशाल ‘ट्रू’ म्हणेल. एवढं झाल्यावर ‘विचारायचं’ शेऱ्याच्या ओळी फिल्टर करून छापा आणि फोन घेऊन बसा. लागला नाही तो नंबर त्याच दिवशी ‘तपासलं, लागत नाही’ असा तारखेसह नोंदवा, रिकामा सोडू नका.